दादाच्या तीन फासळ्या

मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी बसून घ्या. सतरंजीवर जागा आहे. मला थोडा वेळ लागणार आहे.

माझ्याआधी चौघं बोलले. दादाबद्दल बोलले ते सगळं खरं आहे. माझ्याकडून तसं बोलणं होणार नाही. माइक घ्यायला मी मागे सरत होतो, तुम्ही बघितलंत. सख्खा भाऊ गेला, दुःखाने मागे सरतोय, असं समजाल. दुःख आहेच. पण मागे सरत होतो तो भीतीने. वहिनी समोर बसल्यात, दादाची मुलगी श्वेता बसलीय, त्यांची भीती वाटते.

विशाल, मंडळाचा माइक तुझ्या ताब्यात आहे, एक विनंती. मी काहीही बोललो तरी माइक बंद करायचा नाही.

पाणी खात्यातून दादाचे सहकारी आलेत. रे रोडच्या वखारीतून माझ्याबरोबरची माणसं आलीत. तुमच्यातल्या काहींना आम्ही दोघं नीट माहीत नाही, म्हणून सांगतो. मी प्रकाश. दत्ताराम माझा मोठा भाऊ. सात वर्षांनी मोठा. पालिकेच्या पाणी खात्यात चावीवाला होता. रस्त्यातल्या झाकणाखाली लांब लोखंडी चावी घालायची, व्हॉल्व्ह फिरवायचा, म्हणजे आपल्या नळाला पाणी येतं. तीस वर्षं त्याने लालबाग-परळला पाणी सोडलं. पाणी उशिरा आलं की लोक त्याला आईबहिणीवरून शिव्या द्यायचे. एकदा एकाने गळा धरला होता. दादाने त्याचा हात बाजूला केला आणि व्हॉल्व्ह फिरवला. बस्स. त्याच्या खांद्यात एवढा जोर होता, पण तो कोणावर उतरलेला मी बघितला नाही.

माणसावर उतरणारा जोर आमच्या घरात दुसऱ्याकडे होता. आमचे बाबा मिलमध्ये होते. मशिनचा जुना चामडी पट्टा घरी आणलेला होता आणि तो खुंटीला टांगलेला असायचा. मिल बंद पडल्यावर तो पट्टा रोज खाली उतरायला लागला. मी लहान होतो, आणि दादा मध्ये पडायचा. पाठ करून उभा राहायचा. मला आठवतं, मी त्याच्या पोटाला धरलेलं असायचं आणि प्रत्येक फटक्याला त्याचं पोट आत जायचं. ओरडायचा नाही. मी विचारायचो, दादा लागलं? तो म्हणायचा, "माका काय होऊक नाय."

माझ्यात बाबा उतरले. हे इथे सगळ्यांना माहीत आहे, कोणी तोंडावर बोलत नाही इतकंच. दहीहंडीच्या भांडणात मी एकाचा जबडा मोडला. वखारीत एका ड्रायव्हरला फळीने मारलं. प्रत्येक वेळी पोलीस चौकीवर मला सोडवायला कोण आलं? दादा. समोरच्या माणसाचे पाय कोणी धरले? दादाने धरले. मी बाजूला उभा राहून बघायचो.

हे सगळं का सांगतोय? कारण गेले दहा दिवस या चाळीत एकच बोलणं चाललंय. रिपोर्टने दत्तादादाला मारलं. स्कॅनवाल्यांनी चुकीचा रिपोर्ट दिला, त्यावर चुकीची इंजेक्शनं दिली, आणि माणूस गेला. ही सभा संपली की तुम्ही पोरं त्या सेंटरवर जाणार आहात. मला माहीत आहे. मंडळाच्या ऑफिसमागे सळ्या आणून ठेवल्यात, त्या सकाळी बघितल्या मी. विशाल, मान खाली घालू नकोस. दादावरच्या मायेनेच करतोयस तू हे. मी पण सगळं मायेनेच केलं. ते काय केलं, ते ऐक. मग काय फोडायचं ते ठरवा.

गेल्या वर्षी दादाला लघवीचा त्रास सुरू झाला. रात्री चार-पाचदा उठायचा. परळच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये गेलो. पुरुषांना लघवीच्या पिशवीखाली एक ग्रंथी असते, प्रोस्टेट. रक्त तपासलं, त्यात आकडा थोडा वाढलेला. मग सुईने तुकडा काढला. तुकड्यात कॅन्सर निघाला.

त्या डॉक्टर बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं. त्या म्हणाल्या, काका, कॅन्सर आहे, पण अगदी कमी जोखमीचा आहे. अगदी हळू वाढणारा. कित्येक जण असा कॅन्सर घेऊन म्हातारे होतात आणि दुसऱ्याच कशाने तरी जातात. आत्ता ऑपरेशन नको, काही नको. ठरलेल्या वेळी रक्त तपासायचं, पुढे लागलं तर परत तुकडा काढायचा. आपण त्याच्यावर नजर ठेवू.

मी विचारलं, आणि स्कॅन? हाडांचा स्कॅन? कुठे पसरलाय का ते बघायचं नाही?

बाई म्हणाल्या, तुमच्या भावाला गरज नाही. जोखीम जास्त असती तर मीच काढायला लावला असता. अशा पेशंटमध्ये स्कॅनमध्ये कॅन्सर सहसा सापडत नाही. जुनी दुखणी सापडतात, झिजलेली हाडं सापडतात, आणि मग त्याच्यामागे धावत बसावं लागतं.

दादाला पटलं. तो उठून त्यांच्या पाया पडायला निघाला होता. मला पटलं नाही. आमच्या वखारीतला एक मुकादम याच रोगाने गेला. त्याच्या मणक्यात गेलेला, शेवटी त्याला कुशीवर वळवायला चार माणसं लागायची. तेच माझ्या डोळ्यासमोर. मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, कॅन्सर म्हणता आणि फोटो काढत नाही? आम्ही सरकारी रांगेत आलो म्हणून? बाईंच्या हातातलं पेन खाली पडलं. वॉचमन आला आणि त्याने मला दंडाला धरून बाहेर काढलं. दादा आत बाईंची माफी मागत होता.

पुढचा एक महिना मी त्याच्या मागे लागलो. रोज फोन. स्कॅन काढ. तो म्हणायचा, बाईंनी नको सांगितलंय, त्यांना जास्त कळतं. मी म्हणायचो, त्यांचा भाऊ नाही मरत.

आणि मग तो दिवस. वहिनी भायखळ्याला भाजीला गेल्या होत्या, श्वेता ऑफिसला. मी दुपारी वखारीतून तसाच आलो. पायात बूट होते, आम्ही वापरतो ते, पुढे लोखंडाची टोपी असलेले. दादा खाटेवर बसून शेंगा सोलत होता. मी चिठ्ठी पुढे केली. एका खाजगी डॉक्टरकडून मी स्कॅनची चिठ्ठी लिहून आणली होती. म्हटलं, उठ, टॅक्सी खाली उभी आहे.

तो म्हणाला, "मी येणार नाही."

म्हटलं, तू मरणार आणि मी बघत बसू?

"नाही मरत मी. शेंगा खा."

मी त्याची कॉलर धरली. तो म्हणाला, "हात काढ, प्रकाश." मी नाही काढला. मग तो एक वाक्य बोलला. उभ्या आयुष्यात कधी बोलला नव्हता. म्हणाला, "तू बाबांसारखाच आहेस."

त्यानंतरचं मला सगळं स्वच्छ आठवतं. माणसं म्हणतात ना, रागात काही कळलं नाही. मला सगळं कळत होतं. मी त्याला ओढून खाली पाडलं. तो मोरीच्या कट्ट्यापाशी पडला, उजवी कूस वर. मी लाथ मारली. परत मारली. तिसऱ्या लाथेला आवाज आला. मी लाकडाच्या धंद्यात आहे, सुकी फळी मोडल्याचा आवाज मला ओळखू येतो.

वहिनी, बसा. जायचं असेल तर जा, पण शक्य असेल तर ऐका. श्वेता, आईला पाणी दे.

दादा ओरडला नाही. भिंतीला टेकून बसला. त्याला श्वास घेता येत नव्हता, तोंडाने थोडा थोडा घेत होता. मी तिथेच उभा होतो. मला वाटलं, आता तो मला शिवी देईल. तो म्हणाला, "दार लाव आधी." शेजारी ऐकतील म्हणून. मग म्हणाला, "घरात कोणाक सांगू नको."

वहिनी, तुम्हाला त्याने सांगितलं, पाठीत उसण भरलीय. तुम्ही पंधरा दिवस त्याला बाम चोळलात. त्याने तुम्हाला फासळीवर हात लावू दिला नाही, पाठीवरच चोळायला सांगायचा. आता कळलं असेल, का ते.

तीन आठवड्यांनी त्याने स्वतःच मला बोलावलं. म्हणाला, चल, काढू तुझा स्कॅन. तुझं समाधान होऊ दे. पण एक वचन दे, यापुढे कोणावर हात उचलायचा नाही. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून वचन दिलं. मला आनंद झाला, मंडळी. खोटं कशाला बोलू. मला वाटलं, शेवटी माझंच झालं.

आता त्या सेंटरबद्दल. काउंटरवर एक मुलगी होती, श्वेताएवढी. तिने फॉर्म दिला. तो मी भरला, दादाला चष्मा नव्हता. त्यात प्रश्न होता, अलीकडे पडलात का, मार लागला का, हाड मोडलं का. मी वाचून दाखवला नाही. नाही असं लिहिलं. ती मुलगी एवढ्यावर थांबली नाही. तिने फॉर्म वाचला आणि दादाला तोंडी विचारलं, आजोबा, कुठे लागलं होतं का? दादाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नाही, काही नाही.

हीच ती मुलगी. तुमच्या सळ्या ज्या काचेवर पडणार आहेत, त्या काचेमागे तीच बसते.

रिपोर्ट आला. उजव्या बाजूच्या तीन फासळ्यांवर डाग. हाडात पसरल्याची शक्यता. खाली एक ओळ होती, मार लागला असल्यास त्या अंगाने पडताळून पाहावे. मी रिपोर्ट घेऊन त्या खाजगी डॉक्टरकडे गेलो. त्यांनीही विचारलं, लागलं होतं का? दादा तोंड उघडणार, त्याच्या आत मी बोललो, नाही. ते म्हणाले, मग खात्रीसाठी आणखी एक फोटो काढू. मी, ज्याने महिनाभर फोटो फोटो म्हणून डोकं खाल्लं होतं, तो मी म्हणालो, साहेब, आता तपासण्या पुरे, इलाज सुरू करा. त्यांनी माझं ऐकायला नको होतं. पण सांगणारा मी होतो.

टॅक्सीत दादा म्हणाला, "प्रकाश, या फासळ्या तर त्याच..." मी त्याला बोलू दिलं नाही. म्हटलं, डॉक्टरला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

मला तेव्हा काय वाटत होतं, विचाराल. मी स्वतःला पटवलं होतं. म्हटलं, फासळीत आधीच कॅन्सर होता, म्हणून ती मोडली. माझ्या लाथेने नाही मोडली. तुम्हाला हे कळतंय का? माझ्या भावाच्या हाडात कॅन्सर असावा असं मला मनातून वाटत होतं. कारण तो असला तर मी सुटत होतो.

मग इंजेक्शनं. महिन्याला एक. शरीरातला पुरुषपणाचा रस बंद करणारं इंजेक्शन. ज्याला खरंच पसरलेला असतो त्याला ते जगवतं, बाईंनी मला नंतर समजावलं, म्हणून त्या इंजेक्शनाला शिव्या देऊ नका. पण दादाला त्याची गरज नव्हती. त्याचं काय झालं ते तुम्ही बघितलंत. भर थंडीत घामाने सदरा भिजायचा. दंड सुकले. छाती बाईमाणसासारखी सुजली, म्हणून त्याने खाली कट्ट्यावर येणं सोडलं. टीव्हीवर काही लागलं की रडायचा आणि मग लाजायचा. तीस वर्षं रस्त्यातले व्हॉल्व्ह फिरवलेला माणूस, त्याला घरातला नळ घट्ट बंद करता येईना. श्वेताने बंद केला तेव्हा तो तिच्याकडे बघून हसला. मी तिथे होतो. ते हसणं मला झोपू देत नाही.

चार इंजेक्शनं झाली. मग दादाच म्हणाला, सरकारी हॉस्पिटलातल्या बाईंना न सांगता दुसरीकडे गेलो, हे बरं दिसत नाही. भेटून येऊ. तो माफी मागायला गेला होता.

बाईंनी स्कॅन उजेडात धरला. बराच वेळ बघितला. म्हणाल्या, तीन फासळ्या, एकाखाली एक, एका सरळ रेषेत. कॅन्सर असा रेषा आखून पसरत नाही. हे मोडलेलं आहे, जुळत आलेलं हाडही स्कॅनमध्ये असंच डागासारखं दिसतं. मग फिल्म खाली ठेवली आणि दादाला विचारलं, काका, कोणी मारलं?

दादा म्हणाला, कोणी नाही.

पडलात?

नाही.

त्यांनी खुर्ची दादाच्या जवळ ओढली. मी दादाकडे बघितलं तर तो जमिनीकडे बघत होता, आणि मला कळलं, हा माणूस उरलेली सगळी इंजेक्शनं घेईल, मरेल, पण बोलणार नाही. परत एकदा तो मध्ये उभा होता. या वेळी समोर बाबा नव्हते, मीच होतो, आणि मागेही मीच होतो.

मी म्हटलं, मी मारलं. लाथेने. स्कॅनच्या आधी तीन आठवडे.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी दादाला विचारलं, खरं आहे? घरी जायला भीती वाटते का? कोणाला कळवायचं आहे का? दादा म्हणाला, "तो माझो भाव आसा, बाई." एवढंच.

त्याच दिवशी दुसरा फोटो काढला. तीन मोडलेल्या आणि जुळून आलेल्या फासळ्या, स्वच्छ दिसल्या. कॅन्सर हाडात नव्हता. होता तिथेच होता, होता तेवढाच होता. इंजेक्शनं बंद झाली. बाहेर आल्यावर दादाने मला शपथ घातली, घरी सांगायचं नाही. सांगायचं, रिपोर्ट चुकला. त्याने तुम्हा सगळ्यांना तेच सांगितलं, पेढे वाटले. म्हणून तुम्ही आज त्या सेंटरवर निघालात.

त्यानंतर तो दोन महिने जगला. अंगात थोडा जोर येत होता. दहा दिवसांपूर्वी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात त्याच्या छातीत कळ आली आणि तो बसला तो उठला नाही. मी बाईंकडे गेलो. विचारलं, इंजेक्शनाने गेला का? त्या म्हणाल्या, त्या इंजेक्शनांचा हृदयावर ताण येऊ शकतो. तुमच्या भावाचं हृदय आधीच थकलेलं असू शकतं. त्यामुळेच गेला असं मी म्हणू शकत नाही, आणि त्यामुळे नाही असंही म्हणू शकत नाही. मी म्हटलं, बाई, काहीतरी एक सांगा. त्या म्हणाल्या, जे मला माहीत नाही ते मी सांगत नाही. पहिल्या दिवशीही त्यांनी माहीत होतं तेवढंच सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. मला वाटायचं, जास्त तपासण्या म्हणजे जास्त माया. आणि डॉक्टर नको म्हणतो म्हणजे तो काहीतरी लपवतो. त्या सगळ्यात लपवणारा माणूस एकच होता.

वहिनी, हे मी तुम्हाला घरात, चार भिंतीत सांगायला हवं होतं. या दहा दिवसांत तीनदा तुमच्या दारापर्यंत आलो. पण मला माहीत होतं, घरात सांगितलं तर तुम्ही पण दार लावून घ्याल. तुम्ही पण म्हणाल, झालं गेलं, कोणाला बोलू नका. आमच्या घरात असंच होत आलंय. म्हणून माइकवर बोललो. दादाची शपथ मोडली. त्याने ज्या वाक्यावर मार खाल्ला ते वाक्य खरं होतं, श्वेता. तुझे बाबा खरं बोलले म्हणून त्यांना मी मारलं.

विशाल, सळ्या जिथून आणल्यात तिथे पोचवा. काच फोडून तुमचा राग जाणार नाही, आणि त्या मुलीने काही केलेलं नाही. ज्यांना कोणाला मारावंसंच वाटतंय, त्यांच्यासाठी मी सभा संपल्यावर इथेच थांबतो, पळत नाही. हात उचलणार नाही, तेवढं वचन मी पाळलंय. उद्या सकाळी मी पोलीस चौकीत जाऊन हे सगळं लिहून देणार आहे. या वेळी सोडवायला कोणी येऊ नका.

आता उभे राहूया. दोन मिनिटं. वेळ मी बघणार नाही, वहिनी बसतील तेव्हा आपण बसायचं. ज्यांना माझ्या शेजारी उभं राहायचं नसेल त्यांनी बाजूला सरकून घ्या, जागा आहे.

दादा, पायाला हात लावायची माझी लायकी राहिली नाही. लांबूनच नमस्कार करतो.